फॉस्टर केअर : बहीण एका घरी, भाऊ बालगृहात. भेटीचं काय? (बालन्याय कायदा, कलम ४४)

रेवती_ना

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायकोने फॉस्टर केअरसाठी (मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणं) जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज केला होता. घर बघून झालं, सामाजिक तपासणी अहवाल झाला, पोलिस पडताळणी झाली. मग फोन आला की नऊ वर्षांची मुलगी आहे, आई नाही, वडील सांभाळण्याच्या स्थितीत नाहीत, तुम्ही येऊन भेटून जा. आम्ही खूश. सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हां, आणि तिला एक मोठा भाऊ आहे, तेरा वर्षांचा. तो मुलांच्या बालगृहात आहे. त्याचं नंतर बघू."

तेव्हापासून डोक्यात भुंगा. घर वन बीएचके, सासूबाई सोबत असतात. दोघं एकदम झेपतील असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एकीला आणायचं आणि दुसऱ्याचं 'नंतर बघू', हेही पचत नाही. मुलीला भेटलो तर तिने आमची नावंसुद्धा विचारली नाहीत. "तुमच्या घराकडून दादाच्या शाळेला कुठली बस जाते?" हे विचारलं.

कायदा याबद्दल काही म्हणतो का? भावंडं एकत्रच द्यायची असं बंधन आहे का? आणि वेगळी ठेवली तर त्यांची गाठ घालून देणं कुणाचं काम? कक्षात विचारलं तर म्हणतात बालकल्याण समिती (अशा मुलांचे निर्णय घेणारी) ठरवेल, समितीकडे विचारलं तर म्हणतात कक्षाकडून प्रस्ताव येऊ द्या.

व्यवस्थापक

मूळ लेखातलं शहराचं आणि संस्थेचं नाव काढून टाकलं आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही भान ठेवावं.

मोगरा

रेवतीताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. दोघं जमणार नसतील तर हे करूच नका. आई नाही, बाप सांभाळत नाही, त्या पोरांना एकमेकांशिवाय आहे कोण? ती काय कपबशीची जोडी आहे, की बशी तेवढी उचलून आणली?

धोंडूतात्या

मोगराताई, ती मुलं आत्ता एकत्र आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? बहीण मुलींच्या संस्थेत, भाऊ मुलांच्या. ताटातूट झालेलीच आहे. रेवतीताईंनी नाही म्हटलं तर भाऊ-बहीण एकत्र येणार नाहीत, फक्त दोघंही संस्थेतच राहतील. भावनेच्या भरात त्या पोरीचं घर घालवू नका.

निळावंती

वाचतेय.

काळाकोट

जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बालकल्याण समितीपुढे अधूनमधून उभा राहतो. जमेल तेवढं सांगतो.

फॉस्टर केअरचं कलम ४४. त्याचं पोटकलम (३) भावंडांबद्दलच आहे: एकत्र न ठेवणं हेच त्यांच्या हिताचं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी भावंडांना फॉस्टर कुटुंबात एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत. म्हणजे नियम एकत्र ठेवण्याचा, अपवाद वेगळं करण्याचा. आणि अपवाद एकच, मुलांचं हित. 'खाट नाही', 'गाडी नाही', 'मुलांची फाईल दुसऱ्या टेबलावर आहे' हे अपवाद कायद्यात कुठेही नाहीत.

आता त्यातली गोम. 'सर्व प्रयत्न करावेत' हे बंधन आहे, पण प्रयत्न केले की नाही हे कागदावर दाखवा असं (३) म्हणत नाही. जरा खाली (५) वाचा. आईवडील अक्षम ठरल्यामुळे मूल फॉस्टर घरी असेल तर आईवडील त्याला ठरावीक अंतराने भेटू शकतात, आणि समितीला ही भेट नाकारायची असेल तर कारणं नोंदवावी लागतात. म्हणजे ज्या बापाला समितीनेच सांभाळायला अपात्र ठरवलं, त्याच्या भेटीची सोय कलमात आहे. ज्या भावाने काहीच केलेलं नाही, त्याच्या भेटीबद्दल ते कलम चकार शब्द काढत नाही. एकत्र ठेवायचा प्रयत्न करा, एवढं सांगून थांबतं. प्रयत्न फसला तर पुढे काय, हे नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. रेवतीताई, तुम्ही 'एकत्र की वेगळं' यावर रात्रीची झोप घालवू नका. वेगळं ठेवलंच तर भेट आदेशात लिहून घ्या. आदेशात नसलेली भेट ही अधीक्षकांची मेहेरबानी असते. अधीक्षक बदलले की मेहेरबानीही बदलते.

लिहून घ्यायला आधार भरपूर आहे. कलम ३ मधली तत्त्वं आहेत: मुलाचं हित, कुटुंबाची जबाबदारी, मुलाचं म्हणणं ऐकून घेणं. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावाच लागतो, त्यात ही भेट घालता येते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, महिन्यात किमान वीस दिवस बैठक घेणं बंधनकारक आहे. त्यामुळे 'सध्या बैठक नाही' हे फार दिवस ऐकून घेऊ नका.

आणि आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील. एरवी समितीच्या आदेशावर अपील बाल न्यायालयात जातं, पण फॉस्टर केअरच्या आदेशावरचं जिल्हाधिकाऱ्यांकडे (कलम १०१). यात भल्याभल्यांची गल्लत होते आणि तोवर महिना उलटतो.

मोगरा

काळाकोटकाका, धन्यवाद. (५) बद्दल वाचून चीड आली. पण मग वकिलाशिवाय हे होणार कसं?

काळाकोट

वकील लागत नाही. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, कोर्टासारखं वातावरण असू नये असं कायद्यालाच अपेक्षित आहे.

वाटसरू_६७

इथे सहसा लिहीत नाही. मी आणि माझी धाकटी बहीण दोघंही बालगृहात वाढलो. वेगवेगळ्या. संस्था चांगली होती, पोटभर जेवण होतं, मारहाण नव्हती, म्हणजे रडगाणं गायला आलेलो नाही. फक्त भेट कशी होत नाही ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं कुणीतरी दुष्टपणे अडवत असेल.

कुणी अडवत नाही. मी अल्पवयीन, मला एकट्याला गेटबाहेर सोडता येत नाही. सोबत काळजीवाहक पाहिजे. रविवारी ड्युटीवर एकच काळजीवाहक, तो मला घेऊन गेला तर मागे पन्नास पोरांजवळ कोण? ताईकडचंही (धाकटी असून बहिणीला ताईच म्हणायचो) तेच, ती लहान आणि मुलगी, तिला तर आणखीच सोडत नाहीत. एकदा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सरांनी स्वतःच्या मोटारसायकलवर नेलं. तिथल्या गेटवर भेटणाऱ्यांचं रजिस्टर. रकाने: नाव, पत्ता, बालकाशी नाते, ओळखपत्र क्रमांक. माझ्याकडे ओळखपत्र कुठलं? शाळेचं कार्ड कार्यालयात जमा. सरांनी त्यांच्या नावावर नोंद केली आणि नात्याच्या रकान्यात 'अधिकारी' लिहिलं. सरकारी दप्तरात त्या दिवशी तिला भाऊ भेटलाच नाही.



पुढे सरांची बदली झाली आणि भेटी थांबल्या. कुणी थांबवल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. काळाकोट म्हणतात ते म्हणून पटलं. रेवतीताई, आदेशात 'भेटू द्यावे' एवढंच असेल तर काही उपयोग नाही. कोण नेणार, कोण आणणार, कुठल्या वारी, खर्च कुणाचा, हे पाहिजे.

धोंडूतात्या

वाटसरू, साष्टांग नमस्कार. रजिस्टरचा किस्सा समितीच्या प्रत्येक सदस्याने वाचावा.

शेवंता_

समाजकार्यकर्ती, बालगृहांसोबत बरीच वर्षं काम. दोन-तीन गोष्टी मांडते, काही जणांना आवडणार नाहीत.

भावंडं तुटतात कुठे? न्यायालयात नाही, दाखल होताना. एका घरातली तीन मुलं आली, एक चार वर्षांचं, नऊ वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा, तर धाकटं शिशुगृहात, मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या. एका विशिष्ट वयानंतर मुलामुलींची राहण्याची सोय वेगळी असलीच पाहिजे, त्यामागची कारणंही खरी आहेत. पण जिल्ह्यात मुलींची संस्था नसेल तर ती शेजारच्या जिल्ह्यात जाते, आणि मग ती दुसऱ्या समितीपुढची केस होते. तिथून पुढे ही एका आईची लेकरं आहेत हे फक्त जुन्या अहवालात उरतं. कलम ४४(३) चा प्रश्न येतो तो यानंतर, आणि तेही फॉस्टर कुटुंब मिळालंच तर.

दुसरं, दत्तक. हे सगळ्यात अवघड. धाकटं मूल कायद्याने दत्तक द्यायला मोकळं जाहीर झालं, समजा, तर त्याला घर पटकन मिळतं. तेरा वर्षांच्या दादाला मिळत नाही. कलम ४४(९) म्हणतं, दत्तक देण्याजोगं ठरलेलं मूल दीर्घकालीन फॉस्टर केअरमध्ये द्यायचं नाही. त्यामुळे 'दोघांना एका फॉस्टर घरी ठेवू' हा रस्ताही तिथे बंद. आणि एकदा दत्तक आदेश झाला की कलम ६३ नुसार जन्मकुटुंबाशी असलेली सगळी नाती तुटतात. सगळी म्हणजे दादासुद्धा.

तिसरं, मोगराताईंसाठी. भावंडं कायम एकत्रच हवीत असं नाही. मोठी बहीण सहा-सात वर्षांची असल्यापासून धाकट्यांची आई झालेली असते. तिला स्वतःचं बालपण मिळावं म्हणून कधी थोडं अंतर लागतं. कधी मोठ्याकडून लहानाला त्रास झालेला असतो, लैंगिकसुद्धा. तिथे वेगळं ठेवणं हेच हित. पण मी पाहिलेल्या फायलींमध्ये असं कारण लिहिलेलं क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा कारणच लिहिलेलं नसतं.

मोगरा

शेवंताताई, मान्य. माझा पहिला प्रतिसाद घाईचा नव्हता, अजूनही वाटतं की दोघं एकत्र हवीत. पण रेवतीताईंनी एकीलाही आणू नये हे म्हणणं सोडते.

ग्लासगोकर

इथे स्कॉटलंडमध्ये हा विषय गाजला होता, म्हणून लिहितो. इथे मुलांचे निर्णय 'चिल्ड्रन्स हिअरिंग' घेतं, तीन सामान्य नागरिकांचं पॅनेल, आपल्या समितीचं लांबचं भावंडच. धाकट्या भावाबद्दल सुनावणी चालू, मोठ्या भावाचं म्हणणं की माझ्या भेटीचा निर्णय होतोय तर मला तिथे आईवडिलांसारखं स्थान द्या. प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जून २०२० मध्ये निकाल आला: आईवडिलांइतके पूर्ण अधिकार नाहीत, पण भावंडाचं म्हणणं ऐकून घ्यायची व्यवस्था हवी.

त्याच वर्षी इथल्या संसदेने कायदा केला आणि २६ जुलै २०२१ पासून दोन गोष्टी लागू झाल्या. मूल घराबाहेर ठेवायचं तर, हिताचं असेल तेव्हा, भावंडांसोबत ठेवणं हे स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य. आणि वेगळं ठेवलं तर भावंडांची प्रत्यक्ष भेट व संबंध टिकवणं हेही कर्तव्यच. शिवाय आपलं मत सांगण्याइतपत मोठं भावंड त्या सुनावणीला हजर राहून बोलू शकतं, भेटीच्या निर्णयाचा फेरविचार मागू शकतं. भावंड म्हणजे फक्त सख्खं नाही. सावत्र आहे, आणि एका घरात वाढल्यामुळे भावंडासारखं झालेलंही आहे.

सगळं गोग्गोड नाही हो. चार भावंडं एकदम घेणारी फॉस्टर घरं इथेही मिळत नाहीत. पण काळाकोटांनी (५) मधली जी फट दाखवली, ती इथे बुजवली गेली, आणि त्यासाठी देखरेखीखाली वाढलेली मुलंच पुढे आली होती.

बंडू_सॅनहोजे

ग्लासगोकरांना +१. अमेरिकेत २००८ च्या 'फॉस्टरिंग कनेक्शन्स' कायद्याने राज्यांवर बंधन घातलं: भावंडं एकत्र ठेवण्याचे वाजवी प्रयत्न करा, नाही जमलं तर वारंवार भेट किंवा संपर्क चालू ठेवा, आणि भेट सुरक्षेला किंवा हिताला बाधक असेल तरच टाळा. म्हणजे 'नाही जमलं तर' हे वाक्य कायद्यातच आहे. आमच्या कॅलिफोर्नियात तर वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम ३८८ खाली भावंड स्वतः कोर्टात अर्ज करू शकतं.

पण दत्तकाच्या बाबतीत शेवंताताई म्हणतात तोच पेच इथेही. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भावंडांचं नातं दत्तकाच्या आड येऊ शकतं, पण तोलायचं ते फक्त दत्तक जाणाऱ्या मुलाचं हित. मागे राहणाऱ्या दादाला काय वाटेल हा मुद्दा नाही. निकाल वाचताना कायदा म्हणून पटतो आणि तरी चरचरतं.

धोंडूतात्या

स्कॉटलंड-अमेरिका ठीक आहे, पण आपल्याकडे बहुतेक पोरं समितीपर्यंत पोचतच नाहीत. करोनात आमच्या गावात दोन्ही पालक गेलेल्या घरातला मुलगा काकांकडे राहिला, मुलगी मामा घेऊन गेले. शासनाने पाच-पाच लाखांची ठेव प्रत्येकाच्या नावावर ठेवली, ते चांगलंच केलं. पण जमिनीवरून काका-मामांचं बिनसलं आणि पोरांची दिवाळीसुद्धा वेगळी झाली. तिथे कुठलं कलम ४४?

काळाकोट

तात्या, रास्त प्रश्न. नातेवाइकांनी आपसात वाटून घेतलं तर समिती आपणहून येत नाही. पण ती मुलं राज्याच्या बालसंगोपन योजनेत असतील (आता दरमहा २२५० रुपये), तर समितीचा आदेश आणि कक्षाची गृहभेट आलीच. तिथे अर्ज करता येतो. मुलाने स्वतः १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो.

निळावंती

अवांतर: मी एकटी राहते, घटस्फोटित. मला फॉस्टर केअर घेता येईल का?

शेवंता_

निळावंती, हो. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही परवानगी दिली. एकट्या स्त्रीला मुलगा-मुलगी कोणीही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रेवतीताई, पैशाचंही सांगून ठेवते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत फॉस्टर केअरचे दरमहा ४००० रुपये प्रत्येक मुलामागे आहेत. पुढे भाऊही आला तर ८०००. अनुदान उशिरा येतं, हेही धरून चाला. मुलगी घरी आल्यावर समितीने दरमहा पाहणी करायची असते, त्या प्रत्येक वेळी भावाचा विषय तुम्हीच काढा. समिती काढणार नाही.

रेवती_ना

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटसरूदादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो लगेच उठून हॉलमध्ये टेप घेऊन मापं घ्यायला लागला. दुमजली पलंग बसेल म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, मुलगा आधी सुट्टीत राहायला येऊ दे, त्यालाही आम्ही पसंत पडायला हवं की. हे मला सुचलंच नव्हतं, सगळे त्याला 'घ्यायचं की नाही' एवढंच बोलत होतो.

समितीला द्यायचा अर्ज लिहिलाय. मुख्य भाग असा:

"आम्ही सदर बालिकेस फॉस्टर केअरमध्ये घेण्यास तयार आहोत. तिचा भाऊ अन्य बालगृहात दाखल आहे. कलम ४४(३) नुसार दोघांना एकत्र ठेवण्याबाबत समितीने विचार करावा, तसेच भावाचे म्हणणे ऐकून घ्यावे. तूर्त दोघांना वेगळे ठेवणे आवश्यक वाटल्यास त्याची कारणे आदेशात नमूद करावीत. तोपर्यंत बहीण-भावाची महिन्यातून दोनदा भेट व्हावी व सुट्टीत भावास आमच्या घरी राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."

काही राहिलं का?

काळाकोट

उत्तम. थोडे बदल करा. 'महिन्यातून दोनदा' काढा आणि 'दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, सकाळी अकरा ते चार' असं काहीतरी घाला. नेण्या-आणण्याची जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर तसं लिहा, म्हणजे काळजीवाहकाचा प्रश्नच उरत नाही. भेट रद्द झाली तर बदली तारीख सात दिवसांत, हेही. 'भावाचे म्हणणे' च्या आधी 'समक्ष' घाला, नाहीतर अधीक्षकांचं पत्र मागवून काम उरकतात. आणि आदेशाची प्रत दोन्ही संस्थांना पाठवावी ही ओळ विसरू नका.

वाटसरू_६७

फोनही घाला. दर रविवारी, वेळ ठरवून, मुलाच्या बालगृहाच्या कार्यालयातून. आणि मुलाला त्याच्या शाळेच्या ओळखपत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवू द्यावी, असं लिहिता आलं तर बघा.

काळाकोट

ओळखपत्राचं लिहिता येईल. दोन्ही मुद्दे घ्या, रेवतीताई. अर्ज सोमवारी सकाळी बैठकीच्या आधी द्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.